‘ते धन्य’: आपापले अनुभव लिहा

येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातली आठ धन्यवचनं, ‘अमुक ते धन्य’ अशी, आपल्यातल्या बहुतेकांची लहानपणीच पाठ झालेली असतात, निदान संडे स्कूलच्या बक्षिसापुरती. बायबलातलं मत्तयाचं शुभवर्तमान, ५:३ ते १०. आणि एकदा पाठ झालेलं माणूस पुन्हा कान देऊन ऐकत नाही.

परवा सावकाश वाचायला बसले, तेव्हा जाणवलं की यात आज्ञा एकही नाही. ‘दीन व्हा’, ‘शोक करा’ असं येशू कुठेच म्हणत नाही. ‘ते धन्य’ एवढंच म्हणतो. दुसरं असं की पहिल्या आणि आठव्या वचनातलं अभिवचन एकच आहे, ‘स्वर्गाचे राज्य त्यांचे आहे’, आणि ते वर्तमानकाळात. मधली सहा मात्र भविष्यकाळात: सांत्वन होईल, तृप्त होतील, दया होईल. याला वेळ लागणार हे बोलणाऱ्याला ठाऊक होतं तर! लूकने त्याच्या शुभवर्तमानात (६:२०-२६) चारच वचनं दिलीत, पण पाठोपाठ चार खडसावण्या आहेत. श्रीमंतांना, पोट भरलेल्यांना, हसणाऱ्यांना, आणि ज्यांना सगळेच चांगलं म्हणतात त्यांना. ही चौथी मला झोंबते.

तर लिहा. एक वचन, एक प्रसंग. चर्चमध्ये आपल्या श्रद्धेची साक्ष देताना आपण शेवटी हटकून जिंकतो, तसलं नको. फसलेलं जास्त आवडेल. कुणाचं नाव घेऊ नका.

सुरुवात माझ्यापासून. ‘जे शांती करणारे ते धन्य.’

आईवडील गेल्यावर घरावरून माझ्या दोन भावांचं बिनसलं. दोघे एकमेकांशी बोलेनात, पण माझ्याशी दोघेही बोलत. मग मी निरोप्या झाले. दादा म्हणाला, “त्याला सांग, बाबांच्या आजारपणात तू होतास कुठे?” मी धाकट्याला सांगितलं, “दादाला बाबांची फार आठवण येते.” धाकटा म्हणाला, “त्याला म्हणावं, घर काय छातीवर बांधून नेणार आहेस?” मी दादाला सांगितलं, “तो म्हणतो, घाई नाही.” दीड वर्षं हे चाललं. उपासनेला जाताना मला आतून बरंच धन्य वाटायचं.

मग एका लग्नात दोघे समोरासमोर आले आणि माझ्या डोळ्यांदेखत माझे सगळे निरोप उघडे पडले. “तूच म्हणालास ना घाई नाही?” “मी? मी कधी म्हणालो?” दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. सहा महिने दोघेही माझ्याशी बोलले नाहीत. एवढ्या एका बाबतीत त्यांचं एकमत झालं होतं.

शांती राखणं वेगळं आणि करणं वेगळं, हे तेव्हा कळलं. मूळ ग्रीक शब्दात ‘करणे’ हे क्रियापद स्पष्ट आहे, काहीतरी घडवणं, हात मळवणं. मी फक्त झाकण दाबून धरलं होतं. पुढे दोघांना एका टेबलाशी बसवलं आणि दीड वर्षांतलं जसंच्या तसं सांगितलं, छातीवर घर बांधण्यासकट. दादा उठून गेला. परत आला. पुन्हा गेला. घराचं अजून ठरलेलं नाही. पण आता ते भांडतात ते एकमेकांशी, माझ्यामार्फत नाही.

दारू सोडलेला

‘आत्म्याने दीन.’ मला हे वचन कधी कळलंच नव्हतं. वाटायचं नम्र वगैरे असेल काहीतरी. एका फादरांनी सांगितलं की ग्रीकमधला हा ‘दीन’ म्हणजे बेताची मिळकत असलेला गरीब नव्हे, तर वाकून हात पसरलेला, ज्याच्यापाशी काहीच उरलेलं नाही असा.

तो मी होतो. मदतगटात पहिल्या दिवशी पहिली पायरी वाचली, दारूपुढे आपलं काही चालत नाही हे मान्य करायची. माझं चालत होतं असं मला वाटायचं! सकाळी नाही घ्यायचो, पाहुण्यांसमोर नाही घ्यायचो. १९३५ मध्ये अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचा मदतगट, सुरू झाला, तेव्हा त्या पहिल्या माणसांना ही डोंगरावरची वचनं फार जवळची होती, असं नंतर वाचलं. नवल वाटलं नाही. हरलेल्यांना ‘धन्य’ म्हणणारं दुसरं कोण भेटणार?

सहा वर्षं झाली. मध्ये एकदा घसरलो. त्या रात्री फोन करायला नंबर शोधत होतो, चष्मा सापडत नव्हता, डोळ्यांवरच होता.

रात्रपाळीची नर्स

शोक करणाऱ्यांविषयी लिहिते. आमच्याकडे माणूस गेला की नातेवाइकांना सांगायचे काही शब्द आम्हाला पाठ असतात. त्यात मी माझ्या श्रद्धेतले मिसळायची. “देवाची इच्छा”, “त्या आता चांगल्या ठिकाणी आहेत.” बोलून झालं की मला मोकळं वाटायचं. त्यांना काय वाटायचं, कोण जाणे.

एका रात्री तीनच्या सुमारास एका तरुणाची आई गेली. तो रडत नव्हता. तिच्या मोबाईलच्या चार्जरची वायर बोटांभोवती गुंडाळायचा, सोडायचा, परत गुंडाळायचा. मी तोंड उघडलं, आणि का कुणास ठाऊक, मिटलं. खुर्ची ओढून शेजारी बसले. वॉर्डात दुसरी सिस्टर होती म्हणून जमलं, नाहीतर तेवढी उसंत कुठली! वीसेक मिनिटांनी तो म्हणाला, “तिला हा चार्जर कधी लावता यायचा नाही. उलटा घालायची.” आणि मग रडला.

‘सांत्वन होईल’ यातल्या ग्रीक क्रियापदाचा मूळ अर्थ जवळ बोलावणं असा आहे. योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्यासाठी आलेला ‘कैवारी’ त्याच मुळातला. म्हणजे सांत्वन हे आधी शेजारी बसणं आहे, बोलणं नंतर. अजूनही दर तिसऱ्या वेळी मी बोलून मोकळी होतेच.

शाळामास्तर

सौम्य. थोडक्यात सांगतो. रागाच्या भरात डस्टर फेकला. कुणाला लागला नाही, फळ्याला लागला. दुसऱ्या दिवशी चाळीस पोरांसमोर माफी मागितली. वर्ग गप्प. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, “चालतंय सर, नेम चुकला.”

बायबल मोशेला पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांहून नम्र म्हणतं (गणना १२:३), आणि दहा आज्ञांच्या दगडी पाट्या आपटून फोडणाराही तोच. हे आठवलं की जरा धीर येतो. बायको म्हणते, सोयीचं तेवढं बरोबर आठवतं तुम्हाला.

हिशेब लिहिणारा

मागची तारीख टाकून एक बिल दाखवायला सांगितलं होतं, मी नकार दिला. बढती गेली. माझ्या हाताखाली शिकलेला आता माझ्या वरच्या खुर्चीत आहे. ‘नीतिमत्त्वाचे भुकेले व तान्हेले तृप्त होतील’, तर मी अजून तृप्त नाही. तो खोटा बिलवाला कुठे पकडला-बिकडला गेला नाही. मजेत आहे.

पण लिहायचं होतं ते याच्या पुढचं. त्या नकारानंतर मी घरात असह्य झालो. मुलाने गृहपाठ मित्राचा पाहून उतरवला, तर मी त्याला तासभर माझी गोष्ट ऐकवली. मेहुण्याने नवी गाडी घेतली, तर मी विचारलं, “पैसे कुठून आले?” शेवटी बायको म्हणाली, “तुमच्या खरेपणाचा वास येतो हो घरभर.” त्या दिवशी चौथं वचन पुरतं खाली उतरलं आणि पहिल्यापाशी, ‘आत्म्याने दीन’पाशी, येऊन बसलं. या वचनांचा असा वर-खाली जिना आहे हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

नाव नको

माझा अनुभव कदाचित इथे शोभणार नाही. नवरा मारायचा. चर्चच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांकडे गेले. त्यांनी ही वचनं उघडून दिली. ‘सौम्य ते धन्य.’ ‘छळ झाला ते धन्य.’ म्हणाले, “मुली, तुझा मुकुट स्वर्गात तयार आहे.” मी आणखी चार वर्षं मुकुटाची वाट पाहिली. मग मुलीला घेऊन बाहेर पडले.

आता स्वतः वाचते. आठव्या वचनात छळ ‘नीतिमत्त्वाकरता’ आहे. वरणात मीठ जास्त झालं म्हणून पाठीत बसलेला गुद्दा त्यात कुठे बसतो, ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही. प्रार्थना करते. ती पानं मात्र बरीच वर्षं उघडली नव्हती. आज इथलं वाचून उघडली.

(सुरुवात करणारी)

ताई, न शोभायला काय झालं? हे सगळ्यांत आधी लिहायला हवं होतं. मीही दीड वर्षं झाकणच दाबत होते, फक्त माझ्या पाठीत कुणी मारत नव्हतं. अन्याय सोसायला लावणं म्हणजे सौम्यता, असं या वचनांत कुठेही नाही. कुणावर हात उगारला जात असेल आणि तुम्ही हे वाचत असाल, तर आधी सुरक्षित जागी जा. वचनं तिथे बसूनही वाचता येतात.

कॉलेजात शिकणारी

‘अंतःकरणाचे शुद्ध’ यावर लिहायचं होतं. मदतीची पाकिटं वाटताना आम्ही फोटो काढले. एका आजींनी पाकीट घेताना पदर तोंडावर ओढला. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये (मत्तय ६:३) म्हणतात. माझ्या डाव्या हातातच फोन होता. फोटो काढून टाकला, पण त्याआधी तो कसा आलाय हे पाहिलं. मी या वचनात अजून बसत नाही, एवढंच.

वडिलांसोबत राहणारी

सगळे लिहितायत म्हणून लिहिते. ‘दयाळू.’

माझे वडील कडक नव्हते, क्रूर होते. तपशील नको. आता त्यांना डिमेन्शिया आहे आणि ते माझ्याकडे असतात, कारण दुसरं कुणी नाही. मला त्यांच्याकडून एक वाक्य हवं होतं, “चुकलं माझं.” ते आता येणार नाही. ज्याला आठवतच नाही, त्याने माफी मागायची कशी? आणि मी माफ करायचं कुणाला?

येशूला त्याचा शिष्य पेत्र याने विचारलं, किती वेळा क्षमा करायची, सात वेळा? उत्तर मिळालं, साताच्या सत्तर वेळा. पूर्वी वाटायचं, एवढ्या वेळा चुकणाऱ्या माणसाबद्दल ते असेल. आता वाटतं, चूक एकच असते, ती रोज नव्याने समोर येते आणि रोज सोडावी लागते. काही दिवस मी सोडत नाही. त्या दिवशी त्यांचा सदरा जरा जोरात ओढून काढते.

दर रविवारी मी त्यांची नखं कापते. आधी कोमट पाण्यात हात ठेवते, कारण नखं जाड झालीत. याच हाताची मला भीती वाटायची. आता तो माझ्या तळव्यात पडून असतो, हलका, डाग पडलेला. दया केली असं काही वाटत नाही. नखं कापली, एवढंच वाटतं.

गेल्या रविवारी करंगळीपर्यंत आले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. फार अदबीने, आयुष्यात कधी माझ्याशी बोलले नव्हते तसं विचारलं, “बाई, तुमच्या घरी कोण कोण असतं?”

म्हटलं, “वडील असतात.”

“बरे आहेत का ते?”

“आता बरे आहेत,” मी म्हणाले, आणि दुसरा हात पाण्यात ठेवला.