स्वतःला एट्रियल फिब्रिलेशन असताना पार्किन्सन्स झालेल्या यजमानांची शुश्रूषा: रात्री कशा निभवाव्यात?

कृष्णाकाठ (सांगली) यांचा प्रश्न:

नमस्कार. माझे वय ६६ आहे आणि माझे यजमान ७३ वर्षांचे आहेत. त्यांना पार्किन्सन्स होऊन नऊ वर्षे झाली असून गेल्या दीड वर्षापासून त्यांना उठवणे, बसवणे, अंघोळ, जेवण हे सर्व मीच करते. मला रक्तदाबाचा त्रास पूर्वीपासून होताच. गेल्या दिवाळीनंतर छातीत विचित्र धडधड सुरू झाली. ठोका कधी गळायचा आणि मग दोन-तीन ठोके घाईघाईने एकावर एक यायचे. ईसीजीमध्ये एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा विकार, निघाला. तेव्हापासून ठोक्यांचा वेग आटोक्यात ठेवण्यासाठी मेटोप्रोलॉल आणि रक्तात गुठळी होऊ नये म्हणून अपिक्सबॅन ५ मिलिग्रॅम सकाळी आठ व रात्री आठ अशा गोळ्या चालू आहेत.

दिवस कसाबसा जातो, पण रात्र जात नाही. हे तीन-चार वेळा लघवीसाठी उठतात आणि त्यांना स्वतःहून कुशीवर वळता येत नसल्याने मधल्या वेळेतही हाक मारतात. मागच्या गुरुवारी पहाटे पावणेतीनला त्यांच्या काखेत हात घालून मी त्यांना उठवले आणि वॉकरपाशी उभे केले, तोच माझी धडधड सुरू झाली. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून मी त्यांच्याच कमोडच्या खुर्चीवर बसले. त्यांचे पाय जमिनीला खिळल्यासारखे झाले होते, त्यामुळे त्यांना माझ्यापर्यंत येता येईना आणि मागे पलंगावर बसताही येईना. पाच-सात मिनिटे आम्ही दोघे एकमेकांकडे नुसते पाहत होतो. नंतर यंत्रावर नाडी १४२ दिसली. सकाळपर्यंत ती आपोआप उतरली.

अशा वेळी घरात दुसरे कोणी नसताना नेमके काय करावे? त्यांना उचलणे मला कितपत झेपेल? यांच्या गोळीचा अंमल संध्याकाळी ओसरतो आणि नेमक्या आठ वाजता त्यांना भरवण्याची धावपळ असते, त्यामुळे माझी रात्रीची गोळी गेल्या महिन्यात चार वेळा राहिली. शिवाय दात घासताना हिरड्यांतून रक्त येते, म्हणून जाऊबाई म्हणतात की ही गोळी बंदच करा, उद्या यांना सावरताना पडलात तर रक्त थांबणार नाही. मुलगा बंगळूरला असतो. त्याला आणि यांना मी अजून केवळ ॲसिडिटी असल्याचे सांगितले आहे, कारण आपल्यामुळे हिला हे झाले असे यांच्या मनाने घेतले तर ते पाणीसुद्धा मागणार नाहीत. ज्यांनी असे दिवस काढले आहेत त्यांनी कृपया लिहावे.

गोदाकाठ (नाशिक) यांचे उत्तर:

ताई, मी ७० वर्षांचा असून मला आठ वर्षांपासून हाच विकार आहे. माझ्या पत्नीला अर्धांगवायू झाल्यावर सहा वर्षे मी तिचे सर्व केले. दोन वर्षांपूर्वी ती गेली. तुमची पहाटेची हकीकत वाचताना आमची न्हाणीघरातली एक सकाळ आठवली आणि बराच वेळ पुढे वाचवले नाही.

उचलण्याबद्दल आधी लिहितो. काखेत हात घालून ओढणे आजपासून थांबवा. त्यात त्यांचा खांदा निखळू शकतो आणि तुम्ही श्वास कोंडून जोर लावत असल्यामुळे छातीवर व कमरेवर सगळा ताण येतो. आमच्याकडे येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीने मला शिकवले की माणसाला उचलायचे नसते, त्याला त्याच्याच वजनावर उठू द्यायचे असते. आधी दोन्ही गुडघे वाकवायचे, मग गुडघे व खांदा एकदम आपल्याकडे वळवून कुशीवर घ्यायचे, मग पाय पलंगाखाली सोडायचे. पाय खाली गेले की त्यांच्या भाराने धड निम्मे वर येते आणि उरलेले काम त्यांच्या कोपराने होते. पलंगाची उंची एवढी हवी की बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतील; आमचा पलंग बुटका होता, तो सुताराकडून ठोकळे लावून चार इंच उंच करून घेतला. कमरेला बांधायचा मुठींचा रुंद पट्टाही मिळतो, तो सर्जिकल वस्तूंच्या दुकानात विचारा.

दुसरे म्हणजे, रात्री उठवूच नका. लघवीचे भांडे पलंगाशी ठेवा आणि कुशीवर असतानाच द्या. पुरुष माणसाला सुरुवातीला संकोच वाटतो, पण तो आठवड्यात जातो.

रात्रीची बाई ठेवण्याचे मी चार वर्षे टाळले, कारण पैसे लागतात आणि परके माणूस घरात नको वाटते. एका ब्युरोने तर आगाऊ पैसे घेऊन तीन दिवस कोणालाच पाठवले नाही. शेवटी ओळखीतल्या एका बाई आठवड्यातून तीन रात्री येऊ लागल्या आणि त्या तीन रात्रींच्या सलग झोपेने माझी धडधड जेवढी कमी झाली, तेवढी गोळी वाढवूनही झाली नव्हती. सातही रात्री जमत नसतील तर दोन ठेवा, पण ठेवा.

निवृत्त सिस्टर (मिरज) यांचे उत्तर:

काकू, मी बत्तीस वर्षे स्टाफ नर्स होते आणि त्यातील बरीच वर्षे हृदयरोग विभागात काढली आहेत. तुमच्या डॉक्टरांचा सल्ला तोच अंतिम, हे मनात ठेवून पुढचे वाचावे.

या विकारात हृदयाचे वरचे कप्पे, म्हणजे अलिंद, नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. त्यामुळे डाव्या अलिंदाच्या कोपऱ्यातील एका लहानशा पिशवीत रक्त साकळते, तिथे गुठळी होते आणि ती सुटून मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. हा विकार असलेल्यांना पक्षाघाताचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो. धडधड घाबरवते, पण खरा घात गुठळीने होतो; म्हणून धडधडीची गोळी आणि गुठळीची गोळी ही दोन वेगळी कामे आहेत आणि आज बरे वाटते म्हणून दुसरी सोडून चालत नाही. अपिक्सबॅनचा अंमल एका दिवसात ओसरतो. महिन्यात चार वेळा गोळी राहिली म्हणजे चार वेळा तुमचे गुठळीपासूनचे संरक्षण अंशतः गेले. राहिलेली गोळी त्याच दिवशी आठवली तर लगेच घ्यावी आणि पुढची ठरल्या वेळी घ्यावी, मात्र दोन एकदम घेऊ नयेत. ही गोळी जेवणावर अवलंबून नाही. त्यामुळे आठचा हट्ट सोडून, साधारण बारा तासांचे अंतर राहील अशी दुसरी निवांत वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा. यजमानांच्या सकाळच्या पहिल्या गोळीबरोबर आणि झोपण्याआधीच्या शेवटच्या गोळीबरोबर तुमची जोडता आली तर उत्तम. त्यांची गोळी तुम्ही कधीच विसरत नाही, हे मी न विचारता सांगू शकते.

जाऊबाईंची काळजी समजते, पण पडण्याच्या भीतीने ही गोळी बंद करणे बहुतेकांच्या बाबतीत चुकीचे ठरते. वॉर्फरिन या जुन्या औषधाविषयी १९९९ मध्ये एक विश्लेषण प्रसिद्ध झाले होते. त्यातील गणितानुसार पडून मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका औषधाच्या फायद्यावर मात करायला वयस्कर रुग्णाला वर्षातून सुमारे २९५ वेळा पडावे लागेल. मात्र डोक्याला मार बसला तर बरे वाटत असले तरी रुग्णालयात जाऊन दाखवायचेच. हिरड्यांसाठी मऊ ब्रश घ्या, दंतवैद्यांकडे जा आणि गोळीचे नाव त्यांना आधीच सांगा. शौच डांबरासारखे काळे झाले, लघवीत रक्त दिसले किंवा कारण नसताना मोठे काळे-निळे डाग उठले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

आता तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. एवढे उचलून तुमची कंबर नक्की दुखत असणार. त्यासाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी घेत असाल तर ती थांबवा, कारण रक्त पातळ करणाऱ्या औषधाबरोबर या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो. दुखण्यावर पॅरासिटॅमॉल चालेल का, ते डॉक्टरांना विचारा. शुश्रूषा करणाऱ्या बायका स्वतःच्या कंबरदुखीची गोळी हे औषध समजतच नाहीत आणि म्हणून ती गोळी डॉक्टरांच्या यादीत कधी येत नाही. हे मी वॉर्डात इतक्यांदा पाहिले आहे की लिहिताना आजही जीव कळवळतो.

पुन्हा धडधड आली तर आधी यजमानांना पलंगाच्या कडेला बसवा आणि मग स्वतः बसा. उभ्याने दोघांपैकी कोणीही थांबू नये. मनगटावर नाडी पूर्ण एक मिनिट मोजा, कारण ठोके अनियमित असताना पंधरा सेकंद मोजून चारने गुणले तर आकडा फसवतो. रक्तदाबाचे यंत्रही या विकारात गडबडते, म्हणून तीनदा मोजून सरासरी घ्या. नाडी किती झाली आणि किती वेळ टिकली तर फोन करायचा, जादा गोळी घ्यायची की नाही, हे डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्या. छातीत दुखणे, धाप लागणे किंवा शुद्ध हरपल्यासारखे होणे यापैकी काही झाले तर वाट न पाहता १०८ ला फोन करा. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे किंवा बोलणे अडखळणे यांसाठीही तेच. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते आणि तुम्ही ही गोळी शेवटची कधी घेतली ते तिथे पहिल्यांदा विचारतील. फोन गळ्यात अडकवलेला असावा, स्वयंपाकघरात चार्जिंगला नसावा.

यजमानांच्या न्यूरोलॉजिस्टांनाही तुमच्या विकाराची माहिती द्या. रात्रीसाठी लेव्होडोपा या पार्किन्सन्सच्या औषधाची सावकाश विरघळणारी गोळी मिळते. ती त्यांना चालणार असेल तर पहाटेचा ताठरपणा कमी होऊन कुशीवर वळणे सोपे होईल. गादीवर कमरेच्या भागापुरती सॅटिनची चादर घातली तरी वळायला मदत होते. आणि तुमची थायरॉइडची तपासणी झाली आहे का? हा विकार नव्याने निघाला की ती करतात.

डोंबिवलीकर यांचे उत्तर:

काकू, मी मुलाच्या बाजूने लिहितो. बाबांना स्मृतिभ्रंश होता आणि आई त्यांचे सर्व एकटीने करत असे. तिला तुमचाच विकार होता, पण मला तो तिने सांगितला नव्हता. दात काढायचा म्हणून तिने रक्त पातळ करणारी गोळी थांबवली आणि नंतर बाबांच्या गडबडीत ती पुन्हा सुरू करायचे राहून गेले. अकराव्या दिवशी तिचा उजवा हात गेला. बाबांना काय घडते आहे ते कळले नाही. ते तिच्या शेजारी बसून चहा मागत राहिले. शेजाऱ्यांना दुपारी समजले.

आई आज आहे, पण तिला शब्द सापडत नाहीत. तिने मला त्रास नको म्हणून लपवले, हे मला कळते. तरीही मला माहीत असते तर रोज रात्री एक फोन करून "गोळी घेतलीस का?" एवढे तरी विचारले असते. तुमच्या मुलाला आजच सांगा. बंगळूरहून त्याला पलंगाशी उभे राहता येणार नाही, पण रात्रीच्या बाईंचे पैसे पाठवता येतील, महिन्यातून चार दिवस येता येईल आणि रोजचा एक फोन करता येईल.

कृष्णाकाठ (सांगली):

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. बारा दिवसांनी उत्तर देत आहे, कारण सांगण्यासारखे काही घडू द्यायचे होते.

सिस्टर, कंबरेच्या गोळीचे तुम्ही कसे ओळखलेत ते कळले नाही. मी जानेवारीपासून ती जवळजवळ रोज घेत होते आणि डॉक्टरांना सांगितले नव्हते. आता सांगितले. त्यांनी ती तत्काळ बंद केली, हिमोग्लोबिन तपासले, आणि माझ्या गोळ्यांची वेळ सकाळी साडेसहा व संध्याकाळी साडेसहा अशी करून दिली. त्या वेळी यांचीही गोळी असते. दोघांच्या गोळ्या आता एकाच डबीत, शेजारशेजारच्या खणांत असतात.

मुलाला फोनवर सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला आणि शनिवारी सकाळी दारात उभा होता. यांना सांगण्याची मला फार भीती वाटत होती. मी सांगितल्यावर हे म्हणाले, "त्या रात्रीच समजलं मला. ॲसिडिटीला कुणी नाडी मोजतं का?" पार्किन्सन्समुळे यांचा आवाज इतका खोल गेला आहे की ते वाक्य मला दोनदा विचारावे लागले. आता संध्याकाळी पाणी पुढे केले की हे आधी माझ्या खणाकडे बोट दाखवतात आणि मी गोळी गिळल्याशिवाय स्वतः तोंड उघडत नाहीत.

गोदाकाठकाका, भांड्याचा संकोच तुम्ही म्हणालात तसाच गेला. वळवण्याची तुमची पद्धत मुलाने फिजिओथेरपिस्टना बोलावून आम्हा दोघांकडून करून घेतली. पहिल्या दोन दिवसांत माझे हात सवयीने काखेकडे जात होते. धडधड त्यानंतर एकदाच आली, पहाटे नव्हे तर दुपारी, आणि तेव्हा नाडी ११८ होती. रात्रीच्या बाई एक तारखेपासून मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी येणार आहेत. थायरॉइडचा रिपोर्ट उद्या मिळेल, तो आला की इथे लिहीन.