ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये झोपाळा गुलाबी दिसतो

प्रश्न, सावंतवाडी : फणसाच्या लाकडाच्या झोपाळ्याचं मॉडेल दुसऱ्या लॅपटॉपवर उघडलं की सगळं गुलाबी. आधीच्या लॅपटॉपवर रंग ठीक, पण उठावाचं कोरीवकाम खोलगट भासतं. काय करावं?

उत्तर, मालवण : गुलाबी म्हणजे टेक्स्चर फाइल (मॉडेलवर चढवलेलं चित्र) सापडत नाही. फाइल मेनूत एक्स्टर्नल डेटा, तिथे फाइंड मिसिंग फाइल्स; टेक्स्चरचं फोल्डर दाखवा. मग पॅक रिसोर्सेस करून (म्हणजे चित्रं मॉडेलच्या फाइलमध्येच भरून) सेव्ह करा. फाइल जड होते, पण पाठवायला हेच बरं.

उत्तर, देवगड : कोरीवकाम खोलगट भासतं म्हणजे नॉर्मल मॅप (उठाव-खोली दाखवणारं चित्र) डायरेक्टएक्स पद्धतीचा असणार, ब्लेंडरला ओपनजीएल पद्धतीचा लागतो; दोन्हींत हिरवा चॅनेल एकमेकांच्या उलट असतो. सेपरेट कलर नोड लावून फक्त हिरवा चॅनेल उलटा करा (1 वजा हिरवा), पुन्हा कंबाइन कलर. नॉर्मल आणि रफनेस (खरखरीतपणा ठरवणारं चित्र) दोन्हींना कलर स्पेस नॉन-कलरच हवी, म्हणजे ती रंग म्हणून नव्हे तर नुसते आकडे म्हणून वाचली जातात. रफनेसला एसआरजीबी (रंगीत चित्रांची कलर स्पेस) राहिलं तर लाकूड उगाच चकाकतं.