डेबियन स्टेबलचे अपडेट्स एकाच रस्त्याने घेता येतील का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, डेबियन १२ वर (ही लिनक्स सिस्टीम, या आवृत्तीचं नाव बुकवर्म) चार सर्व्हर सांभाळतोय. सोर्सेसमध्ये, म्हणजे पॅकेजेस कुठून घ्यायची त्या यादीत, तीन ओळी आहेत, बुकवर्म, बुकवर्म-अपडेट्स आणि बुकवर्म-सिक्युरिटी. सिक्युरिटीचे फिक्स लगेच येतात, बाकीच्या दुरुस्त्या साधारण दोन महिन्यांनी पॉइंट रिलीजमध्ये (१२.३, १२.४ अशा छोट्या आवृत्त्या), इथपर्यंत कळतं. पण मधली ती अपडेट्सची ओळ कशाला?

झालं असं की अनअटेंडेड-अपग्रेड्स (आपोआप अपडेट घेणारा प्रोग्राम) लावून मी निर्धास्त होतो, रोज लॉग बघायचो, सिक्युरिटीची पॅकेजेस येत होती, आणि परवा सहज अपग्रेडेबल पॅकेजेसची लिस्ट काढली तर टीझेडडेटा (टाइमझोनच्या नियमांचं पॅकेज) तसंच पडून, म्हणजे ॲप्टला (पॅकेजेस घेणाऱ्या टूलला) नवीन व्हर्जन दिसतंय पण आपोआप लागत नाहीये, चारही मशीनवर तेच. आमची ठरावीक वेळेची कामं वेगवेगळ्या टाइमझोनवर चालतात, एखाद्या देशाने घड्याळाचा नियम बदलला की ती चुकीच्या तासाला सुटणार.

आधीही पोळलोय. डेबियन १० (बस्टर) वरून ११ (बुल्सआय) वर जाताना सेड या मजकूर बदलणाऱ्या कमांडने सगळीकडे बस्टरचं बुल्सआय केलं, पण सिक्युरिटीचं नाव नेमकं त्याच रिलीजला बस्टर/अपडेट्सवरून बुल्सआय-सिक्युरिटी झालं होतं, त्यामुळे ती ओळ नुसती ४०४ (सापडलं नाही) देत राहिली आणि माझ्या लक्षात येईपर्यंत तीन आठवडे एकही फिक्स आला नाही. स्टेबल घेणाऱ्याला एवढं लक्षात ठेवायला लागू नये असं मला मनापासून वाटतं. तिन्हीची एक ओळ होते का? आणि टीझेडडेटा कुठे अडकलं?

प्रतिसाद १:
५०अनअटेंडेड-अपग्रेड्स ही कॉन्फिग फाइल उघडा. त्यात शेवटी -अपडेट्स असलेली ओरिजिनची ओळ मुळातच दोन स्लॅश देऊन बंद ठेवलेली असते, ते स्लॅश काढा. टीझेडडेटा, क्लॅमएव्ही (अँटिव्हायरस) अशी पॅकेजेस दोन महिने थांबू शकत नाहीत म्हणून ही अपडेट्सची सूट (पॅकेजेसचा वेगळा संच) आहे, पूर्वी याला व्होलाटाइल म्हणायचे, २०११ मध्ये स्क्वीझपासून (डेबियन ६) ते बंद होऊन हे आलं. तीच पॅकेजेस पुढच्या पॉइंट रिलीजमध्येही येतात, म्हणजे ओळ नसली तरी बुडत काही नाही, फक्त उशीर होतो.

एक ओळ मात्र होणार नाही. डेब८२२ या सोर्सेस लिहायच्या फॉरमॅटमध्ये बुकवर्म आणि बुकवर्म-अपडेट्स एकाच सूट्स फील्डमध्ये लिहा, सिक्युरिटीचा सर्व्हर वेगळा आहे त्यामुळे त्याचा ब्लॉक वेगळाच. मिररला (पॅकेजेसची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरला) उशीर झाला तरी फिक्स अडकू नये म्हणून तो तसा ठेवलाय.

प्रतिसाद २:
सगळंच लगेच घेऊ नका एवढं सांगतो. डिसेंबर २०२३ मध्ये कर्नल (सिस्टीमचा गाभा) ६.१.६४-१ ने एक्स्ट४ या फाइल सिस्टीमवरचा डेटा खराब होत होता, १२.३ च्या इमेजेस थांबवून लगेच १२.४ काढावं लागलं. आम्ही कर्नल आधी एका मशीनवर घेतो, दोन दिवस बघतो, मग बाकीच्यांवर.

धागाकर्ता:
स्लॅश काढून ड्राय रन (काही न बदलता चाचणी) मारला, टीझेडडेटा लिस्टमध्ये आलं! कर्नल उद्यापासून ब्लॅकलिस्टमध्ये (आपोआप घ्यायचं नाही त्या यादीत) टाकून हाताने घेईन. मनापासून आभार दोघांचे.