व्यवस्थापकाने केलेला अपहार: फिर्याद न्यायालयात टिकावी यासाठी काय करावे?

प्रश्न (नवनिर्वाचित संचालिका)

नमस्कार. एक वृद्ध ठेवीदार बाई आमच्या पतसंस्थेत पैसे काढायला आल्या, तेव्हा त्यांच्या पासबुकात तीन भरण्यांच्या नोंदी शिक्क्यासह आढळल्या, पण त्या तारखांच्या किर्दीत (रोजच्या जमाखर्चाच्या वहीत) त्यांचा मागमूसही नाही. तिन्ही नोंदींपुढे व्यवस्थापकांचीच सही आहे. आणखी काही पासबुके मागवून पाहिली, तर तोच प्रकार. व्यवस्थापक म्हणतात, "पैसे वापरले हे खरे, पण हप्त्याने भरून देतो, प्रकरण वाढवू नका." मंडळातील काहीजण त्यास राजी आहेत. मला मात्र फिर्याद व्हावी असे मनापासून वाटते. न्यायालयात नेमके काय सिद्ध करावे लागते?

उत्तर (फौजदारी वकील)

ताई, हिशेबात तूट आहे एवढे दाखवून भागत नाही, कारण तूट निष्काळजीपणानेही येऊ शकते. रक्कम व्यवस्थापकाच्या हाती विश्वासाने सोपवली गेली होती, ती त्याने संस्थेकडे न देता स्वतःसाठी वळवली आणि तसे करताना त्याचा हेतू अप्रामाणिक होता, हे सारे दाखवावे लागते. हेतू सहसा कृतीतून दिसतो: पासबुकात नोंद करणारा हात किर्दीत ती टाळतो, ही विसरभोळेपणाची खूण नव्हे.

१७९९ मध्ये इंग्लंडमध्ये बेझली नावाच्या बँक कारकुनाने ग्राहकाने भरलेल्या रकमेतील शंभर पौंडांची नोट थेट खिशात घातली होती. ती बँकेच्या ताब्यात आलीच नव्हती, म्हणून ही चोरी ठरत नाही, असा न्यायाधीशांचा निष्कर्ष झाला, आणि ती पळवाट बुजवण्यासाठी त्याच वर्षी तिथल्या संसदेने अपहाराचा स्वतंत्र कायदा केला. वाटेतच अडवलेला पैसा हा या गुन्ह्याचा गाभा आहे आणि आपल्याकडची पासबुके तेच सांगतात.

परतफेडीने शिक्षा कदाचित सौम्य होईल, पण झालेला गुन्हा पुसला जात नाही. मात्र मंडळाने हप्ते लेखी मान्य केले, तर "ही उचल होती, मंडळाची तिला संमती होती" असा बचाव आपणच त्यांच्या हाती द्याल.

उत्तर (लेखापरीक्षक)

सर्वांत आधी व्यवस्थापकांकडून किल्ल्या व पासवर्ड काढून घ्या, दोन त्रयस्थ साक्षीदारांसमोर रोख शिल्लक मोजा आणि मूळ किर्द, व्हाउचर, भरणा पावत्यांची स्थळप्रत व संगणकाचा बॅकअप मोहोरबंद करून कोणाच्या ताब्यात दिला ते लिहून ठेवा. किर्दीत आता एकही "दुरुस्ती" होऊ देऊ नका, मग ती कितीही प्रामाणिक असो.

ठेवीदारांना शिल्लक पडताळणीची पत्रे थेट पाठवा आणि उत्तरे शाखेतील कर्मचाऱ्यांच्या हातून येणार नाहीत असे पाहा. अशा प्रकरणांत एकाचा गिळलेला भरणा दुसऱ्याच्या पैशाने भरून काढलेला असतो, त्यामुळे एकेक खाते सुटे पाहिले तर सर्व ठीक दिसते. म्हणून प्रत्येक व्यवहाराची स्वतंत्र नोंद करा: ठेवीदार, तारीख, रक्कम, पासबुकाचे पान, किर्दीचे पान, सही कोणाची. फुगवलेल्या मोठ्या आकड्यापेक्षा पक्के सिद्ध झालेले दहा व्यवहार खटल्यात जास्त कामी येतात. आणि व्यवस्थापकांचा पासवर्ड रोखपालालाही ठाऊक होता का, हे आजच विचारून लेखी घ्या, कारण उलटतपासणीत पहिला घाव तिथेच बसतो.

उत्तर (दुसऱ्या एका संस्थेतील ठेवीदार)

आमच्या मंडळाने हप्ते मान्य केले होते. दोन हप्ते आले, मग थांबले, आणि फिर्याद द्यायला गेलो तोवर मधल्या काळातील व्हाउचरांचे गठ्ठे सापडेनासे झाले. फौजदारी खटल्यातून पैसे आपोआप परत मिळत नाहीत हेही आम्हाला उशिरा कळले. वसुलीचा दावा आणि मालमत्ता विकली जाऊ नये म्हणून जप्तीचा अर्ज फिर्यादीसोबतच करा, अशी कळकळीची विनंती आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे आभार. उद्याच्या तातडीच्या सभेत हप्त्यांच्या प्रस्तावाला मी लेखी विरोध नोंदवणार आहे आणि रोख मोजणी सभेपूर्वीच व्हावी असा आग्रह धरणार आहे. त्या बाईंचे पासबुक त्यांच्यासमोर पान मोजून, पोच देऊन ताब्यात घेतले आहे.