गिरणीतलं मांजर वरच्या मजल्यावर घरात घ्यावं का?

गिरणीवाली_गावभाग

नमस्कार मंडळी. प्रश्न किरकोळ वाटेल, पण आमच्यात रोज रात्री जेवताना यावरून वाजतंय, म्हणून इथं विचारते.

सांगलीत गावभागात आमची पिठाची गिरणी आहे. खाली गिरणी, वर आम्ही राहतो. गिरणीत एक मांजरी असते. ती कुणी आणलेली नाही. गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर मोदकाच्या पिठीची दळणं चालू होती, तेव्हा आपणहून आली आणि तांदळाच्या पोत्यावर बसली. म्हणून तिचं नाव पिठी. अंगावर काळे ठिपके आहेत, पण पीठ उडून उडून ते राखाडीच दिसतात. दळण चालू असलं की पट्ट्याच्या बाजूला फिरकत नाही. गिरणी बंद झाली की मोटारीवर जाऊन झोपते, मोटार बराच वेळ गरम असते ना. गिऱ्हाइकांचे डबे रांगेत लावलेले असतात, त्यांच्यावरून चालत जाते पण एक डबा पाडत नाही. पोत्यांना भोकं पडायची बंद झाली हे आमचे हेसुद्धा कबूल करतात.

आता अडचण. गल्लीच्या टोकाला एक गोदाम आहे, तिथं उंदरांना औषध टाकायला लागलेत. मागच्या महिन्यात बोळातला बोका गटारीजवळ मरून पडला. नाकातून रक्त आलेलं. माझी तेव्हापासून झोप उडालीय. ही तर दिवसाढवळ्या उंदीर धरून माझ्या पायाशी आणून ठेवणारी!

दुसरं म्हणजे मुलगी पुण्याला असते, तिला सातवा लागलाय. डोहाळजेवण झालं की पहिल्या बाळंतपणाला इकडंच येणार. जावयांचा फोन आला होता, "मांजर घरात असेल तर बाळाला धोका असतो म्हणे." सासूबाईंनी तेवढंच धरून ठेवलंय.

आणि पूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गिरणी पाण्यात होती, २०२१ च्या जुलैत परत तेच. पुलाजवळ पाणी चाळीस फुटाला गेलं की आम्ही मोटार सोडवून वर घ्यायला लागतो आणि बोजा बांधून विश्रामबागला दिराकडं जातो. हिला कुठं सोडायची? घरातली झाली तर बरोबर नेता येईल, असं माझ्या डोक्यात आहे. ह्यांचं म्हणणं, गिरणीतलं मांजर गिरणीतच बरं, डांबून ठेवलं तर वेडं होईल.

डोक्यावरून हात फिरवू देते, उचलू देत नाही. थंडीत तिला पिल्लं झाली होती, ती गिऱ्हाइकांनी नेली. मिरगाच्या आत काय ते ठरवायचंय.

शाहूपुरी_सातारा

ताई, मी साताऱ्यात रस्त्यावरची मांजरी फ्लॅटमध्ये आणलीय, म्हणून लिहिते. आणा. पण एकदम सगळं घर तिला मोकळं करून देऊ नका.

आधी ती खरंच कुणाची नाही ना, हे बघा. आमच्याकडची तीन घरी तीन नावांनी जेवत होती! कागदाची पट्टी गळ्यात सैल चिकटवायची, त्यावर "ही तुमची मांजर आहे का?" असं आणि आपला नंबर लिहायचा. कुठं अडकली तर कागद फाटतो, गळ्याला फास बसत नाही. दोन-चार दिवसांत कुणाचा फोन आला नाही तर समजा, तुमचीच.

मग एक खोली निवडा. मागची, अडगळीची असली तरी चालेल. तिथं एक खोकं आडवं ठेवा, तिला लपायला जागा पाहिजे. पाणी एका कोपऱ्यात आणि शी-शूचं घमेलं दुसऱ्या कोपऱ्यात, जवळजवळ ठेवलंत तर ती पाण्याला तोंड लावायची नाही. दुकानातली रेती महाग पडते, बांधकामाची वाळू चाळून घेतली तरी भागतं. वखारीतला लाकडाचा भुस्सा हलका असतो, पण सगळ्या घरभर होतो.

पहिले काही दिवस ती खाटेखालून बाहेर येणार नाही आणि रात्री दाराशी बसून ओरडेल. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी मला विचारलं होतं, "घरात लहान मूल आहे का?" तेव्हा दार उघडू नका. एकदा ओरडण्यानं दार उघडतं हे तिला कळलं की संपलं. तुम्ही नुसतं खोलीत जाऊन बसा, तांदूळ निवडा, मोबाइल बघा. तिच्याकडं टक लावून बघू नका. तिनं डोळे हळू मिटले की तुम्हीही मिटा, बाकी काही करू नका. आणि खिडकीला जाळी मारून घ्या. वरच्या मजल्यावरून मांजरं पडतात, त्यांना काही होत नाही हा गैरसमज आहे.

पेढी_मार्केटयार्ड

मी उलटं सांगणार, राग नसावा.

आमची हळदीची पेढी आहे. यार्डात कितीतरी गाळ्यांवर मांजरं असतात, कुणी ती उचलून घरी नेत नाही. पिठी ही कामाची मांजरी आहे वहिनी. तिला पोती, अंधार आणि खुडबुड लागते. तुमच्या जिन्याचं दार दिवसभर उघडं, गिऱ्हाईक ये-जा करणार, ती घटकाभरात खाली येणार. मग वर ठेवली काय आणि खाली ठेवली काय?

त्यापेक्षा गोदामवाल्याशी बोला. भांडू नका, धंद्याच्या भाषेत बोला. औषध खाल्लेला उंदीर पोत्यांच्या मागं मरतो आणि मालाला वास लागतो, हे कुठल्याही व्यापाऱ्याला पटतं. पिंजरे लावा म्हणावं, शटरखालची फट पत्र्यानं बुजवा, पोती जमिनीवर न टाकता लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर लांब रचा. आम्ही तेच करतो. माझं मत, मांजर खालीच राहू द्या.

तासगावकर_निवृत्त_पशुधन

पशुधन खात्यात नोकरी केली. जास्त गाई-म्हशीच बघितल्या, पण गावात मांजर आजारी पडलं तरी लोक आमच्याकडंच आणायचे.

बोक्याच्या नाकातून रक्त आलं म्हणताय, म्हणजे ब्रोमाडायोलोनसारखं रक्त गोठू न देणारं औषध असावं. त्यानं उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस सुस्तावून फिरतो आणि नेमका तोच मांजराच्या तावडीत सापडतो. असे उंदीर वरचेवर खाण्यात आले की मांजराच्या आतल्या आत रक्तस्राव होतो. हिरड्या पांढऱ्या पडल्या, मांजर मलूल झालं, की त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि जमलं तर औषधाचं पाकीट बरोबर न्या. यावर के-१ जीवनसत्त्व चालतं, मात्र ते डॉक्टरांनीच द्यायचं. झिंक फॉस्फाइडची काळसर पूड असेल तर त्याला उतारा नाही. यार्डातल्या दादांचा पिंजऱ्याचा सल्ला सोन्यासारखा आहे, पण गोदामवाला ऐकेपर्यंत मांजर मोकळं ठेवणं मला पटत नाही.

आता लेकीचं. टोक्सोप्लाझ्मा म्हणून परजीवी असतो, तो मांजराच्या विष्ठेतून पडतो. जावईबापूंची भीती खोटी नाही, पण अर्धीच खरी आहे. मांजराला पहिल्यांदा लागण झाली की साधारण एक ते तीन आठवडे ते बाहेर पडतं, नंतर सहसा नाही. आणि विष्ठा ताजी असताना लागण होत नाही, त्याला निदान एक दिवस जावा लागतो. म्हणून घमेलं रोज साफ करायचं, आणि ते लेकीनं करायचं नाही. तुम्ही करा, हातमोजे घाला, हात साबणानं धुवा. माणसांना ही लागण कच्चट मटण, न धुतलेली भाजी आणि बागेतली माती यांतूनही होते. तेव्हा कोथिंबीर नीट धुतलीत का, हेही बघा. बाळंतपणाच्या डॉक्टरांच्या कानावर घाला, लागलं तर ते रक्त तपासतील. उंदीर खाणारं मांजर आणून लगेच लेकीच्या खोलीत सोडण्यापेक्षा, ती यायच्या बऱ्याच आधी आणून उंदीर बंद केलेलं कधीही चांगलं.

पहिलं काम मात्र ऑपरेशन. आधी ती गाभण आहे का ते तपासून घ्या, मांजराचे दिवस साधारण नऊ आठवड्यांचे असतात. गर्भाशय काढल्यावर टाका भरेपर्यंत दहा ते चौदा दिवस तिला कोरड्या, स्वच्छ जागेत बंद ठेवावंच लागतं, पिठाच्या धुरळ्यात सोडून चालत नाही. त्या निमित्तानं ती वर येईल. कायमची ठेवायची की नाही, हे तेव्हा तिच्याकडं बघून ठरवा. आज घरात भांडत बसायची गरज नाही. त्याच फेरीत जंताचं औषध, रेबीजची लस आणि मांजरांची तिहेरी लस कधी द्यायची ते विचारून घ्या. साताऱ्याच्या बाजूला कुणी असेल तर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

आणि हे पाठ करून ठेवा. फरशीला फिनाईल वापरू नका, मांजर पाय चाटतं. गाई-कुत्र्यांचं गोचिडाचं औषध तिला लावू नका. माणसाची पॅरासिटामॉलची गोळी तर चुकूनही नाही, मांजर मरतं. तिनं ओरबाडलं किंवा चावली तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि दवाखान्यात जायचं. हळद लावून घरी बसायचं नाही, सांगलीची असली तरी.

गिरणीवाली_गावभाग

सगळ्यांचे आभार. काका, तुमचं वाचून दाखवल्यावर हे पहिल्यांदा गप्प बसले.

पण खरी गोची लिहायची राहिली. आम्ही शाकाहारी. घरात अंडंसुद्धा येत नाही. खाली ती तिचं तिचं बघायची, आम्ही वरून दूध-भाकरी घालायचो आणि आपण मांजर सांभाळतो असं समजायचो. वर आणली की उंदीर बंद. मग खायला काय? दूध-भाकरी, दहीभातावर राहील का?

तासगावकर_निवृत्त_पशुधन

नाही राहणार. मांजर हे मांसावरच जगणारं जनावर आहे. टॉरिन म्हणून एक घटक असतो, तो तिला मांसातूनच मिळतो. तो कमी पडला की डोळे जातात आणि हृदय कमजोर होतं. दूधही मोठ्या मांजरांना बहुतेक पचत नाही, हगवण लागते. तुमच्यात चालत नसेल तर पाकिटातलं कोरडं खाद्य आणा, शिजवायला नको, हात लावायला नको. त्यात मासे, कोंबडी असतेच, ते नाकारून उपयोग नाही. वाटी वेगळी, घासणी वेगळी. तेवढंही घरात चालणार नसेल तर मात्र तिला वर आणू नका. अर्धपोटी ठेवण्यापेक्षा अंडं-मटण चालणारं घर शोधून द्या.

शाहूपुरी_सातारा

आम्हीही शाकाहारीच ताई. पाकीट बाल्कनीतल्या डब्यात ठेवते. वासाची सवय होते. म्हणजे होत नाही, पण बोलायचं बंद होतं.

गिरणीवाली_गावभाग

काय झालं ते कळवते.

गाभण नव्हती. ऑपरेशन झालं. तिला धरायला आमच्या गिरणीतल्या पोरानं गव्हाचं रिकामं पोतं वापरलं, त्यातनंही त्याच्या मनगटावर ओरखडा काढलाच. त्याला लगेच नळाखाली धरलं आणि मग दवाखान्यात नेऊन सुया चालू केल्या. वर मागच्या खोलीत, जिथं पापड-कुरडयांचे डबे असतात तिथं तिला ठेवलं. पहिल्या रात्री ओरडून गल्ली जागी केली. हे उठून दार उघडायला निघाले, मी कडीवर हात ठेवून उभी राहिले. तिसऱ्या-चौथ्या रात्री आवाज बसला. आता सकाळी गिरणी चालू झाली की फरशीला कान लावल्यासारखी पडून राहते, खालची घरघर तिला वर कळते. मोटार नाही तर फ्रिजच्या मागं जाऊन झोपते.

सासूबाईंची अट अशी, की ती स्वयंपाकघरात आणि देवघरात दिसता कामा नये आणि "ते पाकीट" त्यांच्या नजरेला पडता कामा नये. मी दोन्ही मान्य केलं. जिन्याला खाली जाळीचं दार बसवून घेतलंय, स्प्रिंग लावून, आपोआप मिटणारं. लेकीच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलंय, आणि घमेलं मीच साफ करते.

आणि मार्केट यार्डातल्या दादा, तुमचंही खरं झालं. गिरणीत उंदीर परत आले. आता आम्ही पिंजरे लावलेत आणि पोती फळ्यांवर घेतलीत. गोदामवाल्यांकडं हे गेले होते. मालाला वास लागतो म्हटल्यावर ते विचारात पडले, निदान बोळाच्या बाजूला औषध टाकत नाहीत. त्यांनी उलट ह्यांना विचारलं, तुमची ती मांजरी कुठं गेली, चार दिवस आमच्याकडं पाठवता का!

आता एकच राहिलं. पाऊस सुरू झालाय. पाणी वाढलं तर हिला विश्रामबागला न्यायची कशात? पोत्यात परत जाईल असं वाटत नाही. मांजराचा पिंजरा विकत मिळतो तो आमच्या दुचाकीवर बसत नाही.

तासगावकर_निवृत्त_पशुधन

द्राक्षाची प्लास्टिकची दोन क्रेट घ्या, आमच्याकडं हंगाम संपला की पडूनच असतात. एकावर एक पालथं घालून चारी बाजूंनी सुतळीनं आवळा. तळाला तिचंच वापरलेलं फडकं टाका, वरून ओली होऊ नये म्हणून खताच्या गोणीचा कागद, पण हवेला बाजू उघड्या ठेवा. आत्ताच आणून मागच्या खोलीत एक क्रेट उघडं ठेवून द्या आणि खाद्य त्यातच घाला, म्हणजे पाणी चढेल त्या दिवशी पकडापकडी करावी लागणार नाही. तासगावला आलात तर माझ्याकडची दोन घेऊन जा.