१००० लिटरची टाकी घेण्याआधी काय तपासावं?

प्रश्न: गच्चीवर ठेवायला प्लास्टिकची टाकी घ्यायची आहे. दुकानदार नुसते तीन थर, चार थर सांगतात. दर्जा ओळखायचा कशावरून?

उत्तर १: थरांच्या आकड्यावर जाऊ नका, वजन बघा. चार थर असूनही भिंत पातळ असू शकते. सारख्याच लिटरच्या दोन टाक्या काट्यावर ठेवायला लावा, जड ती सहसा जाड. भिंतीच्या मध्यावर अंगठ्याने दाबा. चटकन आत गेली तर सोडून द्या.

उत्तर २: आत टॉर्च लावून झाकण बंद करा नि अंधारात बाहेरून बघा. उजेड झिरपला तर शेवाळ धरणारच. मग आतून हात फिरवा. भुकटीसारखा खरखरीतपणा, बारीक छिद्रं म्हणजे साच्यात प्लास्टिकची भुकटी तापवून टाकी बनवताना ती भाजणी कच्ची राहिली. असं प्लास्टिक ठिसूळ, तडा तिथूनच जातो. उग्र वास असेल तर पिण्याच्या पाण्याला अजिबात नको.

उत्तर ३: बैठकीचाही विचार आधीच करा, हे फार जण विसरतात. भरल्यावर नुसतं पाणीच १००० किलो. अख्खा तळ सपाट टेकला पाहिजे. चार विटांवर ठेवलेली उत्तम टाकीसुद्धा तळातून फाटते. पाइपसाठी भोक होल सॉनेच (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने) पाडा. तापल्या सळईने कड वेडीवाकडी वितळते, वॉशर बसत नाही आणि गळती लागते.