युद्ध आणि तेलाचा पैसा: सेमिनारला कुठलं उदाहरण घेऊ?

शहापूरची पोर:
एम.ए. अर्थशास्त्र, दुसरं वर्ष. युद्धात देशाची तिजोरी तेलावर कशी चालते, यावर वीस मिनिटं बोलायचंय. रशिया घेणार होते, पण माझ्या आधीच्या दोघींनी तोच घेतलाय. फळ्यावर काढून दाखवता येईल असं काही सुचवा की.

निपाणीचा गडी:
अंगोला घे. सरकारकडं तेल, बंडखोर युनिटाकडं हिरे, दोघांची लढाई त्याच्यावर. अंगोलाच्या कॅबिंडा प्रांतात अमेरिकन कंपनी तेल काढायची, राखणीला क्युबाचे सैनिक! आणि अमेरिका मदत करायची ती बंडखोरांना. वर्गात कुणी झोपणार नाही बघ.

खानापूरकर:
गड्या, वीस मिनिटांतली पंधरा शीतयुद्ध सांगण्यात जातील तिची. बाळ, तू इराक-इराण घे, 1980 ते 88. त्यात तेल किती होतं यापेक्षा ते बाहेर कुठल्या वाटेनं जात होतं, हेच सगळं आहे.

युद्धाआधी इराक दिवसाला 30 लाख पिंपांच्या वर तेल विकत होता. लढाई पेटली तशी बसऱ्याकडची आखातातली बंदरं पहिल्यांदा गेली. एप्रिल 1982 मध्ये सीरियानं आपल्या हद्दीतली पाईपलाईन बंद केली. सीरिया इराणच्या बाजूचा, वर इराणकडून स्वस्तात तेल मिळत होतं. राहिली एकच वाट, किर्कुकहून तुर्कस्तानातल्या जेहान बंदराकडं. निर्यात 10 लाखांच्या खाली आली. विहिरी जागच्या जागी, तेल तेवढंच, पण डॉलर येईनात.

सद्दामनं पहिली दोन वर्षं रस्ते, इमारती, परदेशी माल सगळं चालू ठेवलं होतं, जसं काही युद्धच नाही. गंगाजळी आटली तशी काटकसर आली आणि सौदी, कुवेतकडून उसनवारी. 1985 साली सौदीतून नवी पाईपलाईन मिळाली, तर 1986 मध्ये तेलाचा भावच निम्म्याहून खाली बसला. कुवेतचं ते देणं 1990 पर्यंत डोक्यावर होतं. पुढं इराकनं कुवेतवरच चढाई केली, ते तुला ठाऊक आहेच.

इराणचं एका ओळीत सांग: जहाजांत तेल भरायच्या खार्ग बेटावर इराकचे विमानहल्ले व्हायला लागले, तसं छोट्या टँकरांनी तेल खाली सिरी बेटाकडं नेऊन तिथं मोठ्या जहाजांत भरायचे.

टिळकवाडी ४२:
खानापूरकर सरांना अनुमोदन. शेवटी रशियाचं एक मिनिट ठेव. डिसेंबर 2022 मध्ये पाश्चात्त्य देशांनी रशियन तेलाच्या भावावर घातलेली पिंपामागं 60 डॉलरची मर्यादा कशी होती बघ: तेल बाजारात येऊ दे, पण मॉस्कोच्या हाती पैसा कमी पडू दे. वाट अडवायची नाही, त्याहून महाग विकलं तर आपली जहाजं आणि विमा द्यायचा नाही. सवलतीतलं बरंच तेल आपल्याच रिफायनऱ्यांत आलं.

निपाणीचा गडी:
आलं म्हणे. पंपावर काय उतरलं नाही ते.
बरं, अंगोला जाऊ दे. पण सुरुवात कोगनोळीच्या सीमानाक्यापासून कर. महाराष्ट्रात डिझेल महाग असायचं, तेव्हा ट्रकवाले आमच्या कर्नाटकाच्या बाजूला टाकी फुल्ल करून जायचे. तेल तेच, पण कर बेंगळुरूला जायचा. हे पोरांना लगेच कळतंय.

शहापूरची पोर:
ठरलं, कोगनोळी आणि मग इराक. सर, मध्यपूर्वेचा मोठा नकाशा आहे का कुणाकडं? आमच्या विभागातल्या नकाशावर जेहान छापलेलंच नाही.

खानापूरकर:
नकाशा कशाला? फळ्यावर चार रेषा काढ, खाली आखात, वर तुर्कस्तान. सीरियाची रेषा बोलता बोलता डस्टरनं पूस. मात्र सौदीच्या रेषेला डावीकडं जागा सोडून ठेव, नाहीतर ऐनवेळी फळा पुरायचा नाही.